निघालेली वायर

प्रिय दादा,

तू परदेशी गेलास आणि बँडमध्ये तुझ्या जागी मी कीबोर्डवर बसले. कालच्या कार्यक्रमात पहिल्याच गाण्याला माझी वायर निघाली. मला कळलं, पण मुद्दाम लावली नाही. म्हटलं, बघू कोण मागे वळतंय. शेवटपर्यंत नुसती बोटं हलवत राहिले. सामान आवरताना गायक म्हणाला, "आज झकास जमलं, तुझा दादा असताना जमायचं तसं."

मी आज बँड सोडतेय. त्यांना तब्येतीचं कारण सांगेन. तू फोनवर आधी बँडची खुशाली विचारतोस, मग माझी. म्हणून हे पत्र टाकणार नाही.

सकाळी हेडफोन लावून सगळी गाणी एकटीनेच वाजवली. छान वाजवते रे मी.

तुझी,
धाकटी