गणिताची चिप आणि लडकूदादाचं घर

१५ फेब्रुवारी १९९३, मुरबाड
सरळगावच्या लडकूदादाच्या नव्या घराचा नकाशा काढायला माझ्याकडे आला. पहिलं स्वतंत्र काम! मिरगाच्या आत कौला चढली पायजेत, एवढंच म्हणाला. म्हटलं, दादा, कॉम्प्युटरवर काढतोय, दोन दिवसांत हातात देतो.

२८ फेब्रुवारी
नकाशा तयारच आहे, फक्त दिसत नाही. जरा झूम केलं की मशीन पुन्हा एकेक रेघ काढत बसतं. तोवर मी चहा पितो. फार चहा होतो. दोष माझा नाही. ह्या मशीनला गणितं करायला वेगळी चिप लागते.

९ मार्च
मुंबईहून चिप आणली. दुकानदाराने बजावलं, कोपऱ्यातला ठिपका सॉकेटच्या खुणेशी जुळवा, उलटी बसली तर जळेल. अशा वस्तूला मुहूर्त हवा. पाडव्याला बसवणार.

२४ मार्च, पाडवा
बायकोने, गिरजाने, चिपची पूजा केली. तिचा हात हळदकुंकवाला सढळ. ठिपका त्याखाली गेला. कुंकू पुसायचं कसं? अंदाजाने बसवली.
संध्याकाळी: वास आला. गिरजा म्हणाली, उदबत्ती असेल. मीही तसंच म्हटलं. उदबत्ती नव्हती.

८ एप्रिल
दुसरी चिप. पूजा नाही. रेघा सरसर! आता नुसता नकाशा देणं शोभत नाही. घर चहूबाजूंनी फिरवून दाखवणार. पडवीला गोल खिडकी काढली.

१४ एप्रिल
लडकूदादा आला. पडद्यावर घर फिरवलं. बघत राहिला, मग म्हणाला, कागद कुठंय? म्हटलं, खिडकीची जाळी राहिलीय. गवंडी बसून हाय रे, म्हणाला. गवंड्यांना धीरच नसतो.

२ जून
जाळी अप्रतिम झाली. लडकूदादाचा निरोप: कौला चढली. पंचायतीला नकाशा लागतो, तेवढा घर बघून काढून दे.

६ जून
सरळगावला जाऊन मोजायला टेप लावली. एक टोक माझ्याकडे, दुसरं लडकूदादाकडे. गवंड्याने दोरी धरून, जमिनीवर चुन्याची फक्की मारून घर उठवलंय. चांगलं झालंय. चुलीपाशी उजेड आहे, पडवीत वारा आहे. गोल खिडकी नाही आणि तिच्यावाचून काही अडलेलंही नाही. फार वाईट वाटलं.
लडकूदादाच्या बायकोने, सुंदरावहिनींनी, चहा दिला. विचारलं, भावजी, तुमी पंचायतीत कामाला का?
दमलो होतो. हो म्हणालो.