खिडकीतली दुसरी बाई

सोम., ८ डिसें.
सकाळी खिडकीत पेपर वाचत बसली होती. खाली चार पोट्टे, मोबाइल वर धरून. एकजण म्हणे, "आंटी, थोड़ा साइड हो जाइए, आप बीच में आ रही हैं." अन् मी हटली! आता स्वतःचाच राग येऊन राहिला. माझं घर, माझी खिडकी, अन् मीच मधात?

बुध., १०
मुग्धानं फोनवर दाखवलं. आमची पुरानी बस्ती फिरवून दाखवणारं नवीन ॲप. आमच्या घराकडे फोन धरला की खिडकीत एक बाई दिसते. नऊवारी, नथ, गोरीपान, विशीतली. हसते, हात हलवते. खाली लिहिलंय, मराठा काल की सरदारनी. हे घर सासऱ्यांनी बांधलं, ते रेल्वेत कारकून होते. कुठली सरदारनी? मुग्धा म्हणे, "मम्मी, कितनी क्यूट है ना." पोटची पोरगी!

शनि., १३
तीन दिवस खिडकी बंद ठेवली. आज उघडायच्या आधी केस विंचरले, बरी साडी नेसली. मग लक्षात आलं, हे त्या बाईच्या बरोबरीनं दिसायले. बावन्नाव्या वर्षी! आग लागो त्या ॲपले.

सोम., १५
तक्रार केली होती, तर ॲपवाला भैया घरी आला. ह्यांनी त्याले चहा पाजला. तो म्हणे, तुमच्या भिंतीले आम्ही हातही लावला नाही, जे आहे ते फोनमध्ये. म्हटलं, मग मले बाजूले काहून करून राहिले? मग म्हणे, "आप चाहें तो आपका ही चेहरा लगा देंगे. थोड़ा यंग करके." ह्यांले पटलं! हव म्हणून टाक म्हणे. मी नाही म्हटलं, दोघांलेही.
जाता जाता त्याच्याच तोंडून निघालं, फोनले भिंत ओळखू आली नाही तर बाई उभी राहत नाही. चहा वाया नाही गेला.

मंगळ., १६
साऱ्या गोधड्या काढल्या. छज्ज्यावरून भिंतभर सोडल्या. उद्या त्यांची जागा बदलीन, फोनले ओळख नको पटायले. पोट्टे फोन हलवून थकले, बाई काही आली नाही. हे म्हणतात सारा पारा, अख्खा मोहल्ला हसून राहिला. हसू दे ना. थंडीत गोधड्या वाळवाले कोणाची परवानगी लागते?

रवि., २१
ॲप अपडेट झालं. आता गोधड्यांवरही उभी राहते.
रस्त्यावर जाऊन मीच फोन धरला. तिनं हात हलवला. माझाही हात वर गेला. खोटं काहून लिहू, गेला. असा संताप आला... वर आली, गोधड्या ओढून काढल्या, खिडकीत उभी राहिली. खाली मुग्धा फोन धरून. विचारलं, कोण दिसते?
"दोनों. एक के ऊपर एक."
पुढं कोण आहे?
"समझ नहीं आ रहा. मम्मी, हिल मत ना."
मी हलली. मुद्दाम, सारखी हलत राहिली.