शेवटून पहिल्या शब्दाकडे

सोमवार, ३ फेब्रुवारी
शाळेच्या वार्षिक अंकाचं प्रूफ अखेर माझ्याकडे! मुख्याध्यापिका बाईंनी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत जाहीर केलं. गेल्या वर्षी चित्रकलेच्या सरांनी तपासलं होतं आणि 'प्रमुख पाहुण्यांचे भक्षण झाले' असं छापून आलं. पाहुणे अजून शाळेचा फोन उचलत नाहीत. यंदा एक वेलांटी इकडची तिकडे होणार नाही.

घरी कन्येला सांगितलं. म्हणजे तुम्ही प्रत्येक लेख वाचणार, असं तिने विचारलं. म्हटलं, प्रत्येक अक्षर. नक्की ना, नक्की ना, असं दोनदा विचारून घेतलं. बापाचं कौतुक वाटलं असणार. नववीत गेल्यापासून इतकं पहिल्यांदाच बोलली.

आमची ही अजून तिच्या भावाकडेच आहे. पाठ धरली म्हणून सप्टेंबरात गेली. पाठीला वेळ लागतो.

बुधवार, ५ फेब्रुवारी
माझी पद्धत अशी: लेख शेवटून वाचायचा. शेवटचा शब्द, मग त्याच्या आधीचा, असं मागे मागे सरकायचं. अर्थ लागायला लागला की माणूस वाहवत जातो आणि चूक निसटते. अर्थ हा प्रूफरीडरचा शत्रू. हे चित्रकलेच्या सरांना ऐकवलं. मग कविता कशा वाचता, म्हणाले. म्हटलं, त्याही शेवटून. हात जोडून निघून गेले. जळतात.

संकल्प: रोज वीस पानं. आज दोन झाली. लाल पेन संपलं, नाहीतर वीस पानांची काय बिशाद होती!

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
कन्येनेही लेख दिला. मुदत उलटून गेली होती. म्हणाली, घ्या ना बाबा, आणि तुम्हीच तपासा, दुसऱ्या कुणाला देऊ नका. म्हटलं, वशिला चालणार नाही. पण घेतला. शीर्षक 'आमचं घर'. विषय जुनापुराणा, पण पोरीचं अक्षर छान आहे.

सोमवार, १० फेब्रुवारी
कन्येचा लेख तपासला. चुकाच चुका! मराठीच्या मास्तरची मुलगी आणि 'नाहीये', 'म्हणतीये', 'जाणारे'! सगळी बोलीभाषा. झाडून सगळं प्रमाण मराठीत आणलं. 'आमचं घर'चं 'आमचे घर' केलं. (रोजनिशीत मी कसंही लिहितो. इथे कोण तपासतंय!)

जेवताना तिने विचारलं, वाचलात का? म्हटलं, वाचला. मग, म्हणाली. म्हटलं, ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष दे. ती भरल्या ताटावरून उठली. हल्लीच्या मुलांना टीका म्हणून सोसत नाही. उद्या शांतपणे नियम समजावून सांगायचे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
नियम सांगायचे राहिले. कन्या दार लावून बसते. परीक्षा जवळ आली आहे, अभ्यास करत असेल. दाराबाहेरून एक-दोनदा खाकरलो. दार उघडलं नाही.

हिच्या भावाचा फोन आला. एकदा येऊन जा, आणखी ताणू नका, म्हणाला. म्हटलं, अंक प्रेसला गेला की लगेच येतो. कसला अंक, म्हणाला, आणि फोन बंद पडला. तिकडे रेंजच नसते.

सोमवार, १७ फेब्रुवारी
अंक प्रेसला गेला. संध्याकाळी प्रेसवाल्यांचा फोन. सर, पान एकतीस नक्की जाऊ द्यायचं ना? तुम्ही नीट वाचलंय ना? तुमच्या घरचं आहे म्हणून विचारतोय. म्हणजे वशिल्याचा संशय! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, गुणवत्तेवर घेतलाय तो लेख, छापा बिनधास्त. बरं म्हणाले, पण काहीतरी पुटपुटत.

हिच्या भावाकडे उद्या जाईन म्हणतो. किंवा अंक हातात आला की. नेऊन दाखवता तरी येईल.

मंगळवार, २५ फेब्रुवारी, दुपारी
अंक आला. वर्गावर्गात वाटला. चित्रकलेचे सर चुका शोधायला टपूनच बसले होते. अर्ध्यावर गप्प झाले, उठले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. हरलेला माणूस! मी स्टाफरूममध्ये शिरलो की बोलणं थांबतं. दबदबा म्हणतात तो हाच. बाईंनी बोलावून सांगितलं, तुम्ही चार दिवस रजा घ्या. न मागता!

कन्या मधल्या सुट्टीतच निघून गेली म्हणे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
कन्या घरी नाही. कपड्यांची बॅग नाही, पुस्तकं नाहीत. टेबलावर अंक, पान एकतीस उघडं.

पहिल्या शब्दापासून वाचलं.

'आई पाठ दुखते म्हणून गेलेली नाही. ती काही सांगू लागली की बाबा तिच्या बोलण्यातील चुका काढत. ती म्हणते, ते एकदा स्वतः आले तर मी परत येईन. ते आले नाहीत तर परीक्षेनंतर मीही मामाकडे जाणार आहे. तोंडी सांगितले की ते शब्द धरून बसतात, म्हणून लिहून देत आहे. अंकातील प्रत्येक अक्षर आपण वाचणार, असे ते म्हणाले आहेत. बाबा, हा लेख छापायचा नाही. तो फक्त तुमच्यासाठी आहे. वाचून झाला की काढून टाका आणि आईला घेऊन या.'

अशी ती बोलत नाही. ही सगळी भाषा माझी आहे. शाळाभर वाटला मी हा. माझ्या हाताने, गठ्ठे फोडून.

बुधवार, २६ फेब्रुवारी
रजेवर आहे. हिच्या भावाकडे फोन लावला. कन्येने उचलला. म्हटलं, तुझा लेख वाचला. म्हणाली, आता सगळ्यांनीच वाचलाय, बाबा.

हिला फोन दे म्हटलं. मागे दोघींचं काहीतरी बोलणं झालं, मला कळलं नाही. मग कन्याच परत आली. म्हणाली, आई बोलणार नाही. पण तिने निरोप दिलाय. अंक पाहिला, एकही चूक नाही म्हणावं.