शनिवारपर्यंत विषय बंद

१९ जानेवारी, रविवार. समुद्रात.

पहाटे चारलाच उठला! सुट्टीवर आलोय, खिडकीबाहेर नुसतं काळं पाणी, आणि माझा नवरा पडदा सारून बर्फ किती पडलंय ते बघतोय. चौतीस वर्षं काउंटीची बर्फ हटवायची गाडी चालवली. निवृत्त होऊन दोन हिवाळे झाले, तरी चारला डोळा उघडतोच. म्हटलं, "ओर्लिन, इथे नाही पडणार." म्हणाला, "माहितीये. नुसतं बघतोय."

मग माझ्यासाठी कॉफी आणायला गेला आणि मी ही वही काढली. लपवून आणली असं नाही. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आमच्या घरात पुष्कळ गोष्टी अशाच चालतात.

काल टँपाला जहाजावर चढल्या चढल्या त्याने नियम घातला. दोन्ही फोन बंद करून केबिनमधल्या तिजोरीत टाकले. समुद्रावर फोन चालू ठेवला तर नंतर बिल बघून फेफरं येतं, हे तर सगळेच सांगतात. पण कारण ते नव्हतं. म्हणाला, "शनिवारपर्यंत हा विषय बंद. तोवर आपण फक्त सुट्टीवर."

विषय म्हणजे मर्लची किडनी. म्हणजे ओर्लिनचीच — मर्लला द्यायची की नाही ती.

लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. मर्ल हा त्याचा थोरला भाऊ. दोन वर्षं झाली, डायलिसिसवर आहे. ऑक्टोबरात त्याच्या मुलीचा, जानेलचा, फोन आला. बापाच्या चोरून केलेला. ओर्लिनने मला पत्ता लागू न देता सगळ्या तपासण्या करून घेतल्या. मला वाटत होतं गुडघ्यासाठी जातोय! डिसेंबरात निकाल आला: जुळते. हॉस्पिटलातली बाई म्हणाली, घाई नाही, महिनाअखेरपर्यंत कळवा, तोवर भावाला काही सांगणार नाही. म्हणजे हा नाही म्हणाला तरी मर्लला कधी कळायचं नाही.

मला त्याने नाही म्हणावं असं वाटतं. झालं, लिहिलं. माझे वडील पित्ताशयाच्या साध्या ऑपरेशनला गेले ते परत आले नाहीत. आणि हे तर अकरा वर्षं तोंड न बघितलेल्या भावासाठी!

२० जानेवारी, सोमवार. अजून समुद्रातच.

उबदार वारा. दिवसभर डेकवर आडवी पडून होते. पायात मोजे नाहीत, जानेवारीत! घरी विल्मारला आज उणे वीस असेल. असू दे.

जेवणाला कालचंच टेबल. लुइझियानाचं जोडपं आहे — ओडेसा आणि अल्सीद ब्रूसार्ड. तो एका कानाने बहिरा. दुसरा कान बायकोसाठी राखून ठेवलाय म्हणतो. ती पान वाढल्यापासून ताट उचलेपर्यंत बोलते. बटाट्याचा एक घास घेऊन मी म्हटलं, हे पाकिटातलं आहे. तीस वर्षं शाळेचं स्वयंपाकघर चालवलंय, मला कोण फसवणार! ओडेसा ओरडली, "बाई गं, तू तर माझी हरवलेली बहीणच!" ओर्लिनला विचारलं, तुम्हाला कसं वाटलं? म्हणाला, "काही वाईट नाही." ती म्हणाली, "हे कौतुक होतं की तक्रार?" मी सांगितलं, आमच्या मिनेसोटात याच्या वर शब्द नाही. आमच्या लग्नाच्या दिवशी मला बघून हेच म्हणाला होता.

भांडणाचं लिहायचं राहिलं. ते सासूबाईंच्या अंत्यविधीला झालं. चर्चच्या तळघरात जेवण होतं — हॅमचे पाव, लिंबाच्या वड्या, नेहमीचं. सासूबाई शेवटची सहा वर्षं अंथरुणाला होत्या आणि त्यांचं सगळं मर्लनेच केलं. आम्ही दर रविवारी जायचो. मी केक न्यायचे. ओर्लिन ताटली घेऊन रांगेत उभा राहिला, तर मर्ल सगळ्या गावासमोर मोठ्याने म्हणाला, "अरे, पाहुणे आलेत! पाहुण्यांना आधी वाढा."

ओर्लिनने ताटली खाली ठेवली आणि बाहेर निघून गेला. बस्स, एवढंच. जमिनीचा वाद नाही, शिवीगाळ नाही. एका वाक्यावर अकरा वर्षं गेली.

२१ जानेवारी, मंगळवार. रोआतान बेट.

वाळूत दोन खुर्च्या, वर माडाची सावली. ओर्लिनने शर्ट काढला. मान आणि हाताचे पंजे तांबूस, बाकी सगळा पिठासारखा पांढरा. म्हणाला, पाठीला सनस्क्रीन लाव. लावत लावत खाली आले आणि बरगड्यांच्या खाली माझा हात थांबला. इथेच कुठेतरी असेल. डावीकडची घेतात म्हणे. एक्केचाळीस वर्षं ही पाठ बघतेय, तिथे एक तीळ आहे तोसुद्धा मला पाठ आहे. आणि आता तिथे कुणीतरी सुरी लावणार? त्या मर्लसाठी?

"काय झालं?" त्याने विचारलं.

"क्रीम संपत आलंय," मी म्हटलं.

विषय बंद म्हणजे बंद. डोळे मात्र भरून आले. उन्हाचा चष्मा होता म्हणून बरं.

संध्याकाळी जहाज सुटताना सगळे कठड्याशी गोळा झाले, उशिरा येणारे कसे धावतात ते बघायला. दर बंदरावर हा तमाशा असतोच. इथलं घड्याळ जहाजापेक्षा एक तास मागे. जो इथली वेळ बघून निवांत बसतो तो फसतो. आज एक जाडसर गृहस्थ हातात चपला घेऊन धक्क्यावरून धावत होता. वरून शिट्ट्या, टाळ्या, "पळा पळा!" शिडी मात्र काढून घेतली होती. तो थांबला आणि नुसता बघत राहिला. लोक हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

ओर्लिन हसला नाही. म्हणाला, "त्याला वाटलं असेल, अजून वेळ आहे." आणि आत निघून गेला.

२२ जानेवारी, बुधवार. बेलीझ.

उतरलोच नाही. किनाऱ्यावर जायला छोट्या होडीत बसायचं म्हणजे त्याचा गुडघा. गुडघा खरंच दुखतो तर!

बुधवारीच, संध्याकाळी.

ओडेसाचं नरडं दाबावंसं वाटतंय. मोठ्या सभागृहात जोडप्यांचा खेळ होता. एक नवं जोडपं, एक दहा वर्षांचं, एक सगळ्यात जुनं. बायका आत असताना नवऱ्यांनी पाटीवर उत्तरं लिहायची, मग बायकांनी येऊन तेच सांगायचं. "एक्केचाळीस वर्षं!" म्हणून ओडेसा किंचाळली आणि आम्हाला चक्क ढकललं. एका जोडप्याची बावन्न वर्षं निघाली होती, पण त्यांना झोप आली होती.

पहिले दोन प्रश्न आम्ही जिंकलो. घरात कोण घोरतं — मी. बायकोचा कुठला पदार्थ नावडता — ट्यूना माशाचा. (हे मला ठाऊक होतं. तरी करते.) तिसरा प्रश्न: तुमच्या नवऱ्याच्या तोंडून कुठला शब्द कधीच निघत नाही? मी पटकन म्हटलं, "चुकलो!" सभागृह हसून हसून कोसळलं. मग ओर्लिनने पाटी फिरवली.

"नाही."

नाही हा शब्द. त्याला नाही म्हणता येत नाही! लोक आणखी हसले. सूत्रधार पोरगी म्हणाली, आजी, गुण गेला तुमचा. पण मी ओर्लिनकडे बघत होते आणि तो माझ्याकडे बघत होता. आठशे लोकांसमोर मला उत्तर मिळालं. शनिवारची गरजच उरली नाही.

२३ जानेवारी, गुरुवार. कोझुमेल.

बोलले नाही. त्याने माझ्यासाठी गवताची टोपी घेतली. घातली नाही.

दुपारी ओडेसा माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. "नवऱ्याशी भांडलीस ना? अगं, टोपी तरी घाल बिचाऱ्याची." आणि मी सगळं सांगून टाकलं. आमच्याकडे असं परक्याला सांगत नाहीत. पण शनिवारनंतर ही मला कधी दिसणार?

तिने सगळं ऐकून घेतलं. ती गप्प बसू शकते हे आजच कळलं. मग म्हणाली, "माझी बहीण मागायला आली ना, तर मी कापलेलं नखसुद्धा देणार नाही."

फार बरं वाटलं.

२४ जानेवारी, शुक्रवार. समुद्रात. शेवटचा दिवस.

नाश्त्याला ओडेसा सुजलेल्या डोळ्यांनी आली. "तुझ्यामुळे झोप लागली नाही. देईन गं. ती माझी बहीण आहे. देईन, पण मरेपर्यंत टोमणे मारीन तिला. दर वाढदिवसाला विचारीन, कशी आहे माझी किडनी?" अल्सीद म्हणाला, "काय? कुणाला हवीये बिडी?" आम्ही दोघी इतक्या हसलो की वेटर पाणी घेऊन धावला.

डेकवर मागच्या बाजूला गेले. ओर्लिन एकटाच उभा होता. त्याने माझ्या डोक्यावरची टोपी बघितली आणि म्हणाला, "काही वाईट नाही." मग नियम त्यानेच मोडला.

"द्यायचं ठरवलंय मी."

"माहितीये. पाटीवर वाचलं."

मग बोलला. एवढं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "तो खरंच बोलला होता गं. मी पाहुणाच होतो. सहा वर्षं त्याने आईचं अंग पुसलं, तिला भरवलं. मी रविवारी जायचो, कोटही न काढता केक खायचो, हवापाण्याच्या गप्पा मारायचो आणि घरी यायचो. खोटं बोलला असता तर आठवड्यात विसरलो असतो."

"मग हे काय, त्याची परतफेड?"

"नाही. मला त्याच्या घरी जायचंय. अकरा वर्षांनी दार वाजवून काय सांगू? इकडून चाललो होतो, म्हणून आलो?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. एवढ्यासाठी माणूस पोट फाडून घ्यायला निघालाय! 'चुकलो' म्हणणं त्याहून सोपं नाही का? पण ते याला जमत नाही, हे जमतं. आमचे पुरुष असेच आहेत.

म्हटलं, "एका अटीवर. गुडघ्याला जातो म्हणून मला फसवलंस, ते आधी कबूल कर."

त्याने घसा खाकरला. "चुकलो."

मी कठडा घट्ट धरला! एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा! म्हटलं, जा, दे. मी आहे तुझ्याबरोबर. भीती वाटतेच आहे, पण कालपर्यंत ती एकटीची होती.

बॅगा भरून दाराबाहेर ठेवल्या. सोमवारी सकाळी हॉस्पिटलला फोन करायचा असं ठरलं. खूप दिवसांनी शांत वाटतंय.

२५ जानेवारी, शनिवार. मिनियापोलिस, हॉस्पिटलच्या आवारात, गाडीत.

सकाळी टँपाला उतरताना रांगेत फोन चालू केले. जानेलचे नऊ निरोप. रविवारी तिला हॉस्पिटलातून फोन आला होता. अपघातात गेलेल्या कुणा अनोळखी माणसाची किडनी मर्लला मिळाली. सोमवारी ऑपरेशन झालं. आता उठून बसतो, कॉफी पांचट आहे म्हणून नर्सवर ओरडतो. काकू, काकांना सांग, आता काही करायला नको.

पहिल्यांदा मनात आलं ते हेच: सुटलो! या वहीत तरी खोटं लिहीत नाही. मग मी ओर्लिनकडे बघितलं. तो बॅगेवर मटकन बसला होता. मी देवाकडे जे मागितलं होतं ते सगळं मला मिळालं होतं, आणि त्याचा तो चेहरा बघून ते परत करावंसं वाटलं.

"आता रिकाम्या हाताने कसा जाऊ, आर्डिस?"

"असाच," मी म्हटलं.

विमानतळावरून थेट इथे आलो. बाहेर उणे चोवीस. तो एकटाच आत गेला. म्हणाला, "पाच मिनिटं. गाडी चालू ठेव." चाळीस झाली. आत्ता जानेलचा निरोप आला: "नर्सने मास्क लावून आत सोडलं. दोघंही एक शब्द बोलत नाहीयेत, काकू. पण काकांनी कोट काढलाय."

गाडी बंद केली.