फॉइलमधला फ्लास्क

१२ मार्च

दादा,

नमस्कार. आईचा गुडघा बरा आहे, वहिनीचं पार्सल पोचलं. बाकी सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे. ठीक काहीही नाही.

काल भर मीटिंगमध्ये तू म्हणालास, "तिच्या हाताला वळण नाही." बाहेरच्या तीन लॅबना आपला निकाल मिळत नाही, आणि खापर फोडायला सख्खी बहीण बरी सापडली तुला!

आपला दावा तुला तोंडपाठ आहे, तरी ऐक. लोखंडाच्या उत्प्रेरकावर निळा प्रकाश पाडला की बेंझिल अल्कोहोलचं ऑक्सिडीकरण होतं आणि कडू बदामाच्या वासाचं अल्डिहाइड बनतं. उष्णता लागतच नाही. चार वर्षं त्या दिव्यासमोर मी डोळे फोडले, मिरवलास तू.

मागच्या पावसाळ्यात दिवा गार ठेवणारा पंखा बंद पडला होता, आठवतं? दुरुस्तीला माणूस बोलव म्हणून मी तुझ्या किती मागे लागले. तेव्हाच मी एक फ्लास्क फॉइलमध्ये घट्ट गुंडाळून दिव्यासमोर ठेवला. आत उजेड जायला वाव नव्हता. दुपारी बूच काढलं तर कडू बदामाचा वास! म्हणजे काम प्रकाश करत नव्हता, तापलेला दिवा करत होता. निकाल यायला लागला तोही पंखा बंद पडल्यापासूनच. तुला बोलावलं. तू वास घेतलास आणि म्हणालास, "फॉइलला भोक असेल. वहीत नको लिहूस."

मी आधीच लिहिलं होतं.

आता खरं सांगते. भोक नव्हतं. ती फॉइल मी खिडकीशी धरून नीट पाहिली होती. तरीही वहीतलं पान मी फाडलं. तू फाड म्हणालाही नव्हतास. पेपरवर माझं नाव पहिलं येणार होतं, मोह आवरला नाही. त्यामुळे तुझ्याइतकाच राग मला माझाही येतो, आणि तो कुणावर काढताही येत नाही.

पान मात्र टाकून दिलं नाही. त्याच फॉइलमध्ये घडी करून कपाटात ठेवलं होतं. आज सकाळी नवा पंखा लावून प्रयोग पुन्हा केला. लख्ख उजेडात, गार फ्लास्कमध्ये, काहीही झालं नाही. त्या लॅबमध्येही हेच होत असणार, त्यांचे पंखे चालू असतात.

दोन्ही निकाल आणि ते पान संपादकांना पाठवलं आहे. पान कुणी फाडलं आणि वहीत लिहू नकोस असं कोण म्हणालं, दोन्ही लिहिलं आहे. पेपर मागे घ्यावा लागेल. माझी नोकरी जाईल, तुझी खुर्चीही कदाचित.

लहानपणी घरी प्रयोग करताना तूच सांगायचास, वास आला की आधी वहीत लिही, मग मला हाक मार. मी तसंच केलं होतं, दादा.

तू वळण लावलेल्या हाताने,
धाकटी