धुलाईघरातली खुर्ची

गुरुवार, १२ मार्च

प्रिय ताईस,
धाकटीचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. आईचा गुडघा कुरकुरतोय, आणि आई त्याहून जास्त. खरं तर फोनच करणार होते, पण तुमच्याकडे फोन वाजला की भाऊजी शेजारीच असतात. म्हणून हे पत्र दारातून आत सरकवून जाते. बेल वाजवणार नाही.

तू फोनवर माझं अभिनंदन केलंस. आईने तर बिल्डिंगभर सांगून टाकलं, "आमची पोरगी सुपरवायझर झाली!" ही बढती कशी आहे ते आता ऐक.

हॉस्पिटलच्या धुलाईघरात लग्नाआधी तूही उभी होतीस, तेव्हा इस्त्रीच्या रोलरमधून चादर कशी कढत बाहेर येते ते तुला सांगायला नको. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची आणि पुढे येऊन घडी घालायची. एकटीला ते जमत नाही. तेव्हा बसायला स्टूल नव्हतं, आजही नाही. माझ्या जोडीला आहे ती उंच म्हणून आम्ही तिला शिडी म्हणतो. तिला सातवा महिना आहे. मध्यंतरी ती रोलरपाशीच चक्कर येऊन पडली. मॅनेजर म्हणाला, "घरून नीट खाऊन येत जा." तेव्हा माझं डोकं सणकलं. आम्ही युनियन काढली, नोंदणीचा अर्ज केला, आणि बायकांनी मला सेक्रेटरी केलं.

युनियन काढली म्हणून कुणाला कामावरून काढता येत नाही. कायदाच आहे तसा. मग काय, काढता येत नाही तर चढवा! सोमवारी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सुपरवायझर करून टाकलं. सुपरवायझर कायद्याने कामगारांत मोडत नाही. म्हणजे मी युनियनबाहेर. आणि सेक्रेटरीच कामगार नाही म्हटल्यावर आमचा अर्जही बाद, असं त्यांचं म्हणणं. गुळाने मरतो त्याला विष कशाला?

आणि मला काय दिलं असेल? खुर्ची! बायका स्टूल मागून थकल्या, तिथे माझ्यासाठी भिंतीशी गादीची फिरती खुर्ची. पगार तोच. कुणाला तासाभराची सुटी द्यायचाही अधिकार नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. फक्त कपड्याला हात लावायचा नाही, अशी ताकीद. समोर शिडी चादरीचं एक टोक हनुवटीखाली दाबून एकटी झटतेय आणि मी बसून बघतेय. दुपारी बायका जेवायला बसल्या. डबा घेऊन गेले तर शिडी म्हणाली, "मॅडम, तुम्ही आत बसा ना." मॅडम! रात्रभर तो शब्द कानात होता. अशी चीड मला आयुष्यात आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आमच्या वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "पदाचं नाव काहीही असू दे. तुम्ही काम काय करता ते बघतात." तिथून तडक धुलाईघरात आले, खुर्ची ओढत रोलरपाशी नेली, शिडीला तिच्यात बसवलं आणि दुसरीला म्हटलं, "धर गं टोक." आता सगळ्या आळीपाळीने त्या खुर्चीत टेकतात. मला दोनदा लेखी तंबी मिळाली आहे. मिळू दे.

एवढा वेळ टाळत होते ते आता लिहिते. ताई, मला बढती कळली सोमवारी. तुझा फोन आला होता रविवारी. "मोठी झालीस गं," म्हणालीस, आणि मला वाटलं, सेक्रेटरी झाले त्याचं कौतुक करतेयस. फोन ठेवून मी रडले, इतकं बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये मॅनेजरचे हेडक्लार्क म्हणून भाऊजीही होते, फायलींच्या कपाटात तोंड घालून उभे आणि मॅनेजर हसत म्हणाला, "कल्पना तुमच्या घरच्या माणसाचीच आहे." केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. माझं भलं व्हावं असं त्यांना वाटलंही असेल. मग माझ्याकडे बघायला काय हरकत होती?

पुढच्या शुक्रवारी कामगार अधिकाऱ्यांसमोर सुनावणी आहे. मी हाताने काम करत नाही, अशी साक्ष भाऊजी देणार आहेत. ती मानली गेली तर युनियन गेली, आणि शिडी बाळंत होईपर्यंत उभीच.

माझ्या बाजूने बोल असं मी म्हणत नाही. संसार तुझा आहे. पण येत्या रविवारी जेवायला बोलावलं आहेस, तर मी येणार. काल रोलरला मनगट लागलं, चांगलंच भाजलंय. तुझ्या मनगटावर रोलरचा जुना डाग आहे ना, अगदी त्याच जागी. भाऊजींना माझा हात बघवणार नाही. म्हणून तू तुझा त्यांच्या पुढे धर, आणि शुक्रवारी काय सांगणार ते तो हात धरून तुला आधी सांगू दे.

तुझी धाकटी,
दोन नंबरच्या रोलरवरची कामगार