फ्रान्स दोन, हिंदुस्थान एक

१८ जुलै १९४८, रविवार

अजून तेरा दिवस! ३१ तारखेला लंडनला आपला सामना—फ्रान्सशी. ऑलिंपिकमध्ये, स्वतंत्र देश म्हणून! आणि मी कुठं? तर उसाच्या बांधावर. डोक्यावर पोत्याची खोळ, पुढ्यात भांगलणीच्या बायका.

सन चाळीसचं ऑलिंपिक लढाईनं खाल्लं, तेव्हा मी बारा वर्षांचा. चव्वेचाळीसचंही खाल्लं, तेव्हा सोळा. जगाचा कप तर दोनदा बुडाला. फुटबॉल कळायला लागल्यापासून एकही मोठी स्पर्धा माझ्या वाट्याला आली नाही. नुसत्या आबांच्या गोष्टी. कुठली पलटण कुठल्या पलटणीशी कशी खेळली, गोरे कसे बुटांनी नडग्या फोडायचे, आपले अनवाणी कसे निसटायचे. मी सात वर्षांचा असताना आबा, आमचे हवालदारसाहेब, फौजेतून रजेवर आले ते चामड्याचा बॉल घेऊनच. नाद त्यांनीच लावला. आता तेच म्हणतात—'बॉलनं प्वाट भरत न्हाई, रंगा.'

मार्चमध्ये कॉलेज सोडलं. सांगलीच्या सामन्यात रेफरीच्या कानाखाली काढली. माफीनामा द्या म्हणाले. नाही दिला. वळकटी उचलली आणि आलो. ऑफसाइड नव्हताच तो! आजही सांगतो—नव्हता!

शालूची आठवण येते. सांगलीला साळूबाईंच्या खाणावळीत दोन वर्षं जेवलो, त्यांची ही भाची. सामन्यावरून आलं की ताट ठेवताना विचारायची, 'किती?' बस्स, एवढंच. जिंकलो का हरलो ते नाही. किती! मी आकडा सांगायचो. हरलेलो असलो की दुसरी भाकरी न विचारता पडायची.

२२ जुलै

आबांनी आज बॉम्ब टाकला. जेवताना. 'लालासाहेबांकडनं निरोप आलाय. आपली विजू त्येंच्या आप्पासोला. त्येंची राही आपल्या रंगाला.'

साटंलोटं! मुलगी द्यायची, मुलगी घ्यायची. एक तंगडी ओढली की दुसरी आपोआप अडकते.

मी म्हणालो, 'मला विचारलं का कुणी?'

'तुला इचारून तुझा जनम झाला व्हय रं?'

आई हसली. मी ताटावरून उठलो. जाताना सांगून टाकलं—पाच माणसांदेखत साखर खाल्ल्याशिवाय सोयरीक पक्की होत नाही, आणि मी साखर खाणार नाही. तोंड शिवून घेईन पण खाणार नाही!

लालासाहेबांच्या घरी पंचक्रोशीतला एकुलता एक रेडिओ आहे. देव पण कशी चेष्टा करतो.

२३ जुलै

दिवसभर पाऊस. माडीवरून खाली उतरलो नाही.

२६ जुलै, सोमवार

विजू गोठ्यात आली. शेणाची पाटी तशीच ठेवून उभी राहिली.

'दादा, तू न्हाई म्हननार हाईस?'

'व्हय.'

'मग माझंबी मोडंल.'

'तुला एवढी काय घाई?'

मान खाली. मग कळलं. आप्पासो गेल्या वर्षी सायकलवरून आमच्या विहिरीकडून का जायचा ते आज कळलं! रस्ता तर पलीकडून आहे. माझी धाकटी बहीण, सतरा वर्षांची—तिच्या मनात माणूस आहे आणि मला पत्ता नाही. माणूसही वाईट नाही. तेच तर अवघड आहे.

मी तिला शालूचं सांगितलं. सगळं सांगितलं. घरात दुसरं कुणाला सांगणार? ती म्हणाली, 'तिला तरी ठावं हाय का?'

खरंच की. शालूला मी कधी काही बोललोच नाही. आकडे सोडून.

बसलो आणि पत्र लिहिलं. मुंबईला गिरणीच्या टीमला खेळाडू पाहिजेत, आमचा जुना कॅप्टन तिथं आहे, नोकरी आणि खेळ दोन्ही. तू येतेस का? आलीस तर लग्न करू. नाही म्हणालीस तर पुन्हा त्रास देणार नाही. चार वेळा फाडलं, पाचवं ठेवलं.

विजूचं काय होईल ते लिहिताना डोक्यात येऊ दिलं नाही.

२९ जुलै

इमाम सायकलचे टायर आणायला सांगलीला गेला होता. त्याच्या हाती पत्र दिलं होतं. इमाम माझा गोलकीपर. गावात सायकलचं दुकान आहे, तळहात पंक्चरच्या सोल्युशननं काळे, पण बॉल सुटत नाही त्यातून.

'दिलंस?'

'दिलं. चुलीम्होरंच वाचलं तिनं.'

'मग? काय म्हणाली?'

'म्हनली, पोस्टानं धाडते.'

'तोंड कसं होतं तिचं?'

'आता चुलीम्होरं बसल्यालं मानूस लालच दिसनार की, गड्या!'

३१ जुलै, शनिवार

आज. आत्ता ते उतरत असतील मैदानात. आपले बरेच जण अनवाणी! बांधावर उभा राहून मी पण वहाणा काढल्या. अंबूबाई म्हणाली, 'आवं धाकलं मालक, काटा मोडंल की.' मोडू दे.

१ ऑगस्ट, रविवार

लिहिता लिहिता टाकाचं निब मोडलं.

सकाळी आबा आपणहून म्हणाले, 'चल, लालासाहेबांकडं जाऊ. रेडिओवर इंग्रजी बातम्यांत तुझं फुटबॉल सांगतील. मला बी ऐकायचं हाय.' मला वाटलं, हवालदार जागा झाला. जुना नाद. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. वाटेत आम्ही दोघं फ्रान्सच्या बॅकबद्दल बोलत गेलो, जणू दोघांनीही त्याला पाहिलंय.

सोप्यात माणसं बसलेली. सात-आठ. मला वाटलं, रेडिओ ऐकायला आलीत. एवढी अक्कल! रेडिओ ऐकायला येणारी माणसं धुतलेले फेटे बांधून येतात का?

मी सरळ रेडिओपाशी जाऊन बसलो, कान लावून. खरखर, शिट्ट्या, मध्येच कुठलं तरी गाणं. मग बातम्या. काश्मीर. निर्वासित. धान्य. मागं लोक बोलत होते, मी हातानं गप्प करत होतो. लालासाहेब हसत होते—'पावनं लईच तल्लीन!' कुणीतरी माझ्यापुढं वाटी धरली. 'घ्या.' तेवढ्यात लंडनचं नाव आलं. हॉकी नाही, दुसरंच काही तरी. वाटी पुढंच. 'घ्या की, पावनं, तोंड ग्वाड करा.' आणि बातम्या देणाऱ्या बाईनं म्हटलं, फुटबॉल. मी डावा हात वाटीत घातला, चिमूट उचलली, तोंडात टाकली—नजर रेडिओवर—

फ्रान्स दोन, हिंदुस्थान एक.

'हरलो!' मी ओरडलो.

आणि सोप्यात एकच हशा! 'हरला न्हाई, जावईबापू, जितला!'

जिभेवर साखर. आधी कळलंच नाही. मग आबा उठून लालासाहेबांना भेटले, छातीला छाती लावून. धोंडुबाई आत्या कुंकवाची वाटी घेऊन आली. कपाळावर बोट टेकलं तेव्हा कळलं.

मी मोजली माणसं. नऊ होती. पाचाचं काम, नऊ आणलेली.

२ ऑगस्ट

आबांशी भांडण. मी म्हणालो, फसवलं तुम्ही मला. डाव्या हातानं खाल्ली, मोजू नका.

'उजव्या-डाव्याचं काय न्हाई त्यात.'

'मी बातमी ऐकत होतो!'

'म्हाइत हाय. म्हनून तर तवाच वाटी धराया सांगितली.' आणि वर हसले! 'फौजेत हेच शिकवत्यात रं. दुश्मनाचं ध्यान दुसरीकडं असंल तवा पुढं सरकायचं.'

मी दुश्मन!

कंदील फेकला भिंतीवर. काच फुटली. आईनं गुपचूप गोळा केली. विजू माझ्याकडं बघत होती, भ्यालेल्या वासरासारखी. तिला वाटतंय मी आता पळणार. बरोबर वाटतंय. शालूचं 'हो' येऊ दे, मग बघा.

९ ऑगस्ट

पोस्टमन सोमवारी आणि गुरुवारी येतो. दोन फेऱ्या झाल्या, आज तिसरी. काही नाही. मी रानात असतो म्हणून विजूला सांगून ठेवलंय—माझं काही आलं तर कुणाच्या हाती लागू देऊ नको. म्हणाली, 'न्हाई लागू देत.'

पेपर चार दिवसांनी हाती लागला. आपण दोन पेनल्टी घालवल्या! दोन! आणि शेवटच्या मिनिटाला फ्रान्सचा दुसरा गोल. एक-एक असा बरोबरीत आणलेला सामना. मी पेनल्टी मारायचो कॉलेजात, एकही चुकली नाही कधी. पण लंडनला, तेवढ्या माणसांत? ज्याची चुकली त्याला झोप लागत असेल का?

१४ ऑगस्ट, शनिवार

फायनल स्वीडननं मारली. तीन-एक. ऐकायला कुठं गेलो? लालासाहेबांकडेच! आता उजळ माथ्यानं जाता येतं, जावई ना. तुरुंगातल्या माणसाला खिडकी मिळावी तसा हा रेडिओ.

राही दारामागं होती. पहिल्यांदा नीट पाहिली. सावळी, धीट. बाहेर कुणी नाही बघून म्हणाली, 'बुटाबिगर खेळत्यात म्हनं आपली मानसं? मग लागत न्हाई व्हय?'

'लागतं की.'

'मग घालत का न्हाईत?'

'सवय नाही.'

'माझ्या वैनी पन सुरवातीला म्हनायच्या, सवं न्हाई, सवं न्हाई. हुती मग सवं.' आणि आत पळाली.

वाईट असती तर किती सोपं झालं असतं.

पोस्टमन नाही. शालू नाही.

५ सप्टेंबर

सांगलीला गेलो. ताकारी स्टेशनवरून गाडी धरली, घरी सांगितलं इमामबरोबर बैलबाजाराला जातो. खाणावळीसमोरच्या पिंपळाखाली एक तास उभा. शालू ओट्यावर मिरच्या वाळत घालत होती, शेजारणीशी बोलत. हसत होती! माझं पत्र मिळून महिना उलटला आणि ही हसते!

मग तिनं मला पाहिलं. बघत राहिली, डोळा न हलवता. मला वाटलं, येईल. नाही. मिरच्या तशाच टाकून पाठ फिरवली, आत गेली. दार लावलं.

मी काय दार वाजवणार? भीक मागू? आलो तसा परत. मिरजेला गाडी बदलताना एका हमालाशी उगीच भांडलो.

६ सप्टेंबर

संपलं.

विजूला सांगितलं, आता नाही जाणार कुठं, तू बिनघोर राहा. ती ढसाढसा रडली. आनंदानं, दुसरं काय. एवढं रडण्यासारखं खरं तर काही नव्हतं.

२३ सप्टेंबर

हैद्राबादवर फौज गेल्यापासून इमामनं दुकान उघडलं नव्हतं. आज उघडलं. पारावर एकानं त्याला टोमणा मारला, मी त्याच्या सदऱ्याची गळपट्टी धरली. इमाम मध्ये पडला. 'सोड, रंगराव. हितं रेफरी न्हाई मारायला.'

दोघं हसलो. बऱ्याच दिवसांनी.

८ नोव्हेंबर

तुळशीचं लगीन झालं की दोन्ही बार एकाच मांडवात. तारीख धरली—२८. लालासाहेब म्हणाले, जावयाला काय पाहिजे? मी म्हणालो, बॉल. त्यांना वाटलं चेष्टा.

दोन वर्षांनी ब्राझीलला जगाचा कप आहे. बारा वर्षांनी पहिला. मी तेव्हा बावीस वर्षांचा असेन आणि याच बांधावर असेन. बातमी ऐकायला सासुरवाडीला जाईन. राही चहा आणेल, विचारेल काही तरी, मी सांगेन. होते सवय.

शालूवर राग धरायला गेलो तर राग पण धड येत नाही. 'नाही' म्हणायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. तेवढीही माझी किंमत नसावी? चुलीपुढं वाचलं, बहुतेक चुलीतच घातलं.

२५ नोव्हेंबर

मांडव उभा राहिला. विजू जेवत नाही. आई म्हणते, पोरी अशाच करतात.

२७ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी हळद लागली. आधी मला, मग आप्पासोकडून आलेली उष्टी विजूला. त्यानंतर ती माडीवर आली, दार लोटलं आणि कमरेच्या पिशवीतून पाकीट काढून माझ्या हातात दिलं. फोडलेलं. पोस्टाचा शिक्का २ ऑगस्टचा.

'येते. मावशीला सांगणार नाही. पंधरा ऑगस्टला मिरज स्टेशनवर, पुण्याच्या सकाळच्या गाडीला. त्या दिवशी सगळे झेंडावंदनाला असतील. उशीर करू नका.'

मी विजूला म्हणालो, का?

'तू गेला असतास, दादा.'

ती अजून उभी आहे. खाली आबा हाका मारतायत.